रंगवलेले केस आणि बोअरचं पाणी

माझी आत्या निमगाव केतकीजवळच्या वस्तीवर राहते आणि डाळिंबाची बाग स्वतः बघते. माझी धाकटी बहीण बारामतीत भिगवण रस्त्याच्या बाजूला पार्लर चालवते. केस रंगवण्याचा विषय निघाला की दोघींचं कधी पटत नाही, आणि या खेपेला वाद आत्याच्या नातीवरून झाला. नात बारामतीत कॉलेजला आहे, एसटीनं जाऊन-येऊन करते. दिवाळीत तिनं माझ्या बहिणीकडून सगळ्या केसांना बरगंडी रंग लावून घेतला. मार्च उजाडेपर्यंत केस राठ झाले, टोकांना फाटे फुटले, कंगव्यात तुटलेले तुकडे यायला लागले. आता घरात लग्न आहे आणि तिला परत रंग लावायचा आहे, शिवाय पुढच्या बटांना सोनेरी हायलाइटही हवे आहेत.

बारामती-इंदापूर पट्ट्यात रंगवलेल्या केसांची ही तक्रार घरोघर ऐकू येते आणि तिच्यावर ‘शाम्पू बदला’ यापलीकडे सल्ला मिळत नाही. दोघींच्या भांडणात त्याहून बरंच काही होतं. म्हणून ते इथं देते आहे, मधेमधे माझं मत घालून.

आत्या : ही वेणी सोड आणि वरून खाली हात फिरव. टाळूपासून अडीच बोटं केस कसे मऊ आहेत. त्याच्या खाली हात अडकतो. ही अडीच बोटं दिवाळीनंतर उगवलीत, त्यांना तुझा रंग लागलेला नाही. बाकी सगळ्या वेणीला लागलाय. डोकं एक, पाणी एक, तेल एक. आणखी काय पुरावा पाहिजे?

बहीण : पुरावा अर्धाच आहे. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतो. हिची वेणी कमरेला टेकते, म्हणजे शेवटचं टोक चार-पाच वर्षांचं आहे. एवढी उन्हं, एवढी न्हाणी, एसटीच्या खिडकीतला वारा, सगळं त्या टोकानं सोसलंय. तू चार महिन्यांचा केस चार वर्षांच्या केसाशी ताडून बघतेस.

आत्या : मग दिवाळीच्या आधी हे टोक का तुटत नव्हतं? तेव्हाही ते चार वर्षांचंच होतं की.

बहीण : बरं, माझ्याकडचा पुरावा ऐक. बारामतीतल्या एक शिक्षिका गेली काही वर्षं माझ्याकडे येतात. हाच ब्रँड, जवळपास हीच शेड, लावणारे हात माझेच. त्या राहतात गावात, नगरपालिकेच्या पाण्यावर, म्हणजे कालव्याच्या. त्यांचे केस रेशमी राहिलेत. रंगानंच केसांची वाट लागत असती तर त्यांचीही लागली असती. हिचा आणि त्यांचा फरक एकच, तुमच्या वस्तीवरचं बोअर.

मला दोघींचेही पुरावे खरे वाटले. आत्या म्हणते ते मुळाशी हात लावून कळतं, बहीण म्हणते ते शेजारच्या खुर्चीत बसलेल्या बाईच्या केसांवर दिसतं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल, हे केसाच्या आत काय घडतं ते पाहिल्यावर समजतं.

कायमचा रंग दोन ट्यूब-बाटल्यांतून येतो. एकीत रंगाचे छोटे रेणू आणि अमोनिया, दुसरीत हायड्रोजन पेरॉक्साइड, ज्याला पार्लरमध्ये डेव्हलपर म्हणतात. त्याच्यावर 10, 20, 30, 40 व्हॉल्यूम असे आकडे असतात. 20 व्हॉल्यूम म्हणजे 6 टक्के पेरॉक्साइड, 40 म्हणजे 12 टक्के. अमोनियानं केस फुगतो आणि बाहेरचं खवल्यांचं आवरण उघडतं. छोटे रेणू आत शिरतात, पेरॉक्साइडमुळे एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात आणि मग सहजी बाहेर पडू शकत नाहीत. रंग टिकतो तो त्यामुळे. पण पेरॉक्साइड तेवढ्यावर थांबत नाही. ते केसाचा मूळचा काळा रंग थोडा उडवतं. खवल्यांवर जन्मतः चिकटलेला स्निग्ध पदार्थाचा पातळ थर असतो, पाण्याला दूर ठेवणारा, तो पहिल्याच रंगात बराचसा निघून जातो. आणि केसाच्या प्रथिनांना बळकटी देणारे गंधकाचे काही बंध तुटून त्यांच्या जागी ऋण भाराच्या जागा तयार होतात.

क्षाराच्या पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धन भाराचं असतं. ते या ऋण जागांवर जाऊन बसतं. न रंगवलेल्या केसाला ते कमी चिकटतं, रंगवलेल्याला जास्त. म्हणून नातीचे वरचे अडीच बोटं केस त्याच बोअरच्या पाण्यात मऊ राहिले, आणि म्हणूनच त्या शिक्षिकांचे रंगवलेले केस कालव्याच्या पाण्यात मऊ राहिले. रंगानं जागा मोकळ्या केल्या आणि त्या जागांवर पाण्यातला क्षार येऊन बसला. एकट्या रंगानं किंवा एकट्या पाण्यानं चार महिन्यांत हे झालं नसतं.

हे मी सांगितल्यावर आत्या थोडा वेळ गप्प बसली. पण पाण्याच्या बाबतीत ती आम्हा दोघींपेक्षा जाणती आहे, आणि पुढचं तिनंच सांगितलं.

आत्या : क्षाराचं मला शिकवू नका. ठिबकची नळी उघडून बघा आमच्याकडं. ड्रिपरच्या तोंडाला पांढरा थर. दोन-तीन महिने लक्ष दिलं नाही की निम्मी झाडं तहानलेली. मग ॲसिड सोडावं लागतं. पाण्याचा सामू 4 च्या आसपास आणायचा, नळीत तसंच ठेवायचं आणि मग फ्लश मारायचा. त्या पाण्यानं पोरगी डोकं धुते हे मात्र कधी डोक्यात आलं नाही.

बहीण : हेच मी म्हणते. तुमच्या गिझरची कॉइल मागच्या वर्षी बदलली तेव्हा मी होते तिथं. बोटाएवढा जाड पांढरा थर होता तिच्यावर. तोच थोडाथोडा हिच्या केसावर बसतोय.

इथं थोडं थांबून या पाण्याबद्दल सांगायला हवं. ब्रिटिशांच्या काळात नीरा डावा कालवा आला आणि या भागात ऊस आला. बारमाही पाणी आणि काळी भारी जमीन एकत्र आल्यावर कालव्याखालच्या कित्येक रानांत क्षार वर आले. चोपण आणि खारवट जमीन हे शब्द इथल्या शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. माळेगाव खुर्दला 2009 साली अजैविक ताणावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था सुरू झाली; दुष्काळ, उष्णता, क्षार यांचा पिकांवर काय परिणाम होतो हा तिच्या अभ्यासाचा विषय. पिकाचा एवढा विचार झालेल्या भागात तेच पाणी अंगावर घेणाऱ्या माणसांच्या त्वचेचा आणि केसांचा विचार मात्र कुणी केलेला दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं. बारामती शहराला कालव्याचं पाणी मिळतं, इंदापूर शहराला उजनी जवळ. कालव्याच्या टेलला असलेल्या गावांना आणि वाड्यावस्त्यांना आवर्तन लांबलं की बोअरशिवाय गत्यंतर नसतं, आणि उन्हाळ्यात बोअर जितकं खोल तितकं पाणी बहुधा अधिक क्षारयुक्त.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण काठिण्य लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगलं मानलं जातं, दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतलं जातं. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात माती आणि पाणी तपासून मिळतं. डाळिंब-द्राक्षाच्या बहुतेक बागायतदारांच्या घरी पाण्याचा असा अहवाल फायलीत पडलेला असतो, पण तो न्हाणीघराच्या कामी कुणी वापरत नाही. आत्याच्याही फायलीत तो निघाला, आणि त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा रकाना पाहून माझ्या बहिणीनं पुढचा सल्ला ठरवला.

आत्या : आम्ही पाण्यात तुरटी फिरवतो. तीही पुरत नाही का?

बहीण : तुरटीनं गाळ खाली बसतो, क्षार तसाच राहतो. उकळल्यानं थोडा कमी होतो, पण सगळा नाही. खायचा सोडा तर अजिबात घालू नको. मागं कुणीतरी सांगितलं म्हणून पोरीनं सोड्यानं केस धुतले होते. सोडा अल्कली. रंगवलेला केस अल्कलीत आणखी फुगतो, खवले उघडे राहतात, आणि आतला रंगही वाहून जातो.

आत्या : मग आंबट पाहिजे. ठिबकसारखं.

बहीण : आंबटच पाहिजे, पण ॲसिड ट्रीटमेंटच्या जोराचं नाही. गावात आरओचं पाणी मिळतं ना, वीस लिटरचा जार? सगळं न्हाणं त्यात करायला कुणी सांगत नाही. बोअरच्या पाण्यानं शाम्पू काढायचा, कंडिशनर लावायचा, तोही काढायचा, आणि शेवटचे दोन-तीन तांबे जारचे. त्यातल्या एका तांब्यात चमचाभर व्हिनेगर किंवा थोडा लिंबू. बोअरच्या पाण्यात लिंबू पिळलास तर त्याचा आंबटपणा पाण्यातला क्षारच खाऊन टाकतो. लिंबू केसावर थेट चोळून उन्हात बसायचं तर मुळीच नाही. त्यानं रंगही उडतो आणि केसही कोरडा पडतो.

महिन्यातून एकदा क्षार ओढून काढणारा शाम्पू वापरावा, ज्याच्या बाटलीवर घटकांत ईडीटीए दिसतं, असं तिनं पुढं सुचवलं. माझ्या मते सगळ्यांत मोलाचा सल्ला शेवटच्या दोन तांब्यांचाच. तो कुठल्याही घरात परवडतो. पावसाळ्यात पत्र्यावरून पिंपात धरलेलं पाणी असेल तर जाराचीही गरज नाही. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतो.

यानंतर आत्यानं मेंदीचा विषय काढला, आणि वाद खऱ्या अर्थानं तापला.

आत्या : एवढं सगळं करण्यापेक्षा मेंदी लाव म्हणावं. माझ्या आईनं उभा जन्म मेंदी लावली. लोखंडी कढईत रात्रभर भिजवायची, चहाचं पाणी, आवळकाठी. केस शेवटपर्यंत दाट होते तिचे.

बहीण : पानाची शुद्ध मेंदी चांगलीच. तिचा रंग केसाच्या प्रथिनाला बाहेरून धरतो, आतलं काही मोडत नाही. पण ती तांबूस रंग देते, काळा नाही. आज बाजारात ‘काळी मेंदी’ म्हणून जी पुडी मिळते, तिच्यात बहुतेक वेळा तेच रसायन असतं जे माझ्या ट्यूबमध्ये असतं. पीपीडी. माझ्या खोक्यावर ते निदान छापलेलं असतं.

आत्या : आणि माझ्या आईची मेंदी?

बहीण : तिची खरी होती. पण तिला कुणी वरून रंग लावला नाही. लोखंडी कढईतलं लोह आणि चहा-आवळ्यातलं तुरट द्रव्य मिळून काळपट रंग तयार होतो, ते केसावर बसतं. पुढं कुणी त्याच केसावर माझ्यासारखीनं पेरॉक्साइड ओतलं, तर लोहामुळे ते भडकतं. दाखवते तुला.

एका गिऱ्हाईक बाईंच्या केसांची बारीक बट त्या दिवशी सकाळीच कापून ठेवलेली होती. त्या घरी धातू मिसळलेली मेंदी लावतात आणि आता त्यांना पार्लरमधला रंग हवा होता. बहिणीनं काचेच्या वाटीत 20 व्हॉल्यूम डेव्हलपर घेतला, अमोनियाचे थोडे थेंब घातले आणि बट त्यात सोडली. काही मिनिटांत बटेभोवती बुडबुडे यायला लागले. वाटीच्या बुडाला बोट लावलं तर कोमट लागलं. अर्ध्या तासानं तिनं बट चिमट्यानं उचलली, दोन बोटांत धरून हलकेच ओढली, आणि ती मधोमध तुटली. तुटलेलं टोक वाटीच्या कडेला चिकटून राहिलं. आत्यानं ते उचलून उजेडात धरलं आणि बराच वेळ पाहिलं. ही चाचणी प्रत्येक पार्लरनं करायला हवी. फार थोड्या ठिकाणी होते, कारण तिला अर्धा तास लागतो आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे मिळत नाहीत.

आत्या : म्हणजे मेंदीवाल्या बाईनं कायम मेंदीच लावावी.

बहीण : किंवा मेंदीचा केस वाढून कापला जाईपर्यंत थांबावं. दोन्हीपैकी एक.

आत्या : तुझ्या पीपीडीबद्दल बोल की आता. आमच्या वस्तीवरच्या एकीनं कपाळाला अन् कानाला रंग लावला आणि दुसऱ्या दिवशी डोळे उघडेनात, एवढं तोंड सुजलं. दवाखान्यात न्यावं लागलं. ते पण पाण्यानं झालं का?

बहीण : ते रंगानंच झालं. त्याबद्दल मी वाद घालणार नाही.

याबाबतीत आत्याची बाजू भक्कम आहे, आणि ती तशीच मांडायला हवी. पॅराफिनिलीनडायअमाइन म्हणजे पीपीडी. जर्मन रसायनशास्त्रज्ञ होफमान यांच्या नावावर 1863 साली त्याच्या रंगवण्याच्या गुणाचा शोध जातो. पुढं 1907 मध्ये फ्रान्समध्ये यूजीन श्युएलर यांनी केसांचा कृत्रिम रंग बाजारात आणला आणि 1909 मध्ये जी कंपनी काढली तीच आजची लॉरिआल. तेव्हापासून गडद रंगांमध्ये हे रसायन टिकून आहे, कारण त्याच्याइतका पक्का काळा दुसरा सहजी मिळत नाही. काही माणसांना त्याची ॲलर्जी होते, आणि ती एकदा झाली की आयुष्यभर राहते. पहिल्या पाच वेळी काही न होता सहाव्या वेळी होऊ शकते. युरोपात डोक्याला लागणाऱ्या मिश्रणात ते 2 टक्क्यांहून जास्त चालत नाही. आपल्याकडे अशा रंगाच्या खोक्यावर इशारा छापावा लागतो : वापरण्यापूर्वी त्वचेवर चाचणी घ्या, आणि भुवया व पापण्यांना लावू नका, त्यानं अंधत्व येऊ शकतं. तो मजकूर बारीक अक्षरात असतो, पण असतो.

आत्या : आणि तू अमोनिया-फ्री म्हणून जास्त पैसे घेतेस ना? त्यात नसतं हे?

बहीण : पीपीडी त्यातही असू शकतं. अमोनिया-फ्री म्हणजे वास कमी. अमोनियाच्या जागी इथेनॉलअमाइन असतं. ते उडून जात नाही, केसात जास्त वेळ राहतं. म्हणून तो प्रत्येक वेळी सौम्यच असतो असं म्हणता येत नाही. खरं सांगते, मी पण गिऱ्हाइकांना तेच सांगायचे जे कंपनीचा माणूस सांगायचा. आता नाही सांगत.

आत्या : तेवढं तरी बरं झालं.

बहीण : सल्फेट नसलेल्या शाम्पूचंही तसंच. रंग फिका पडतो तो बराचसा नुसत्या पाण्यानं. शाम्पू सौम्य असावा, पण रंग टिकवायचा तर आधी न्हाणं कमी करायचं, पाणी कोमट घ्यायचं आणि कंडिशनर चुकवायचा नाही. कंडिशनरमधला पदार्थ धन भाराचा असतो. तो त्या ऋण जागांवर क्षार बसायच्या आधी जाऊन बसतो. साठ रुपयांच्या साध्या कंडिशनरनंही हे काम होतं.

माझ्या बहिणीच्या धंद्यात असं बोलणं सोपं नाही. बारामतीत आज गल्लोगल्ली पार्लर आहेत, आणि हेअर स्पा, केराटिन, बोटॉक्स अशा नावांनी हजारोंची पॅकेजेस विकली जातात. त्यांतल्या बऱ्याच उपचारांनी खवल्यांवर एक थर बसतो, केस काही आठवडे चमकतात आणि थर गेला की मूळची स्थिती उघडी पडते. तुटलेले गंधकाचे बंध त्यानं परत जोडले जात नाहीत. केस ही जिवंत पेशी नाही, ती स्वतः भरून निघत नाही. जो केस उगवला तो जपायचा, आणि जो गेला तो कापायचा, एवढेच दोन मार्ग असतात. रंगाच्या वर लगेच स्ट्रेटनिंगचं क्रीम लावणं तर माझ्या मते कुणाही पार्लरनं नाकारायला हवं, कारण तेही क्रीम तेच बंध तोडतं ज्यांतले काही पेरॉक्साइडनं आधीच तोडलेले असतात.

आत्याला जे पटवून द्यायची गरज नव्हती ते म्हणजे तेल. आणि इथं तिचं म्हणणं प्रयोगशाळेतही खरं ठरलेलं आहे. मुंबईत मॅरिकोच्या संशोधन विभागातल्या रेळे आणि मोहिले यांचा 2003 मध्ये ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’मध्ये निबंध आला. त्यांनी खोबरेल तेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल केसांवर तपासलं, चांगल्या केसांवर आणि ब्लीच वगैरेनं खराब झालेल्या केसांवरही. प्रथिनांची झीज लक्षात येण्याइतकी कमी झाली ती फक्त खोबरेलानं. त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असल्यानं ते केसाच्या आत शिरतं. खनिज तेल शिरत नाही. तेल विकणाऱ्या कंपनीचं संशोधन आहे हे लक्षात ठेवूनही मला ते पटतं, कारण त्यामागची मीमांसा स्पष्ट दिलेली आहे आणि नंतरच्या अभ्यासांत तेलाचं आत शिरणं दिसलेलं आहे.

आत्या : म्हणजे आम्ही शनिवारी रात्री थापायचो आणि रविवारी न्हायचो ते बरोबरच होतं.

बहीण : बरोबर होतं, आणि रंगवलेल्या केसाला तर जास्तच गरज आहे. पाणी लागलं की केस फुगतो, वाळला की आकसतो. रंगवलेला केस जास्त फुगतो, कारण वरचा स्निग्ध थर गेलेला असतो. प्रत्येक न्हाण्याला हेच, आणि त्यातच तो थकतो. आधी तेल आत गेलं असेल तर पाणी कमी शिरतं. पण आत्या, थापायचं नाही. मधल्या भागाला आणि टोकांना लावायचं, तास-दोन तास पुरतं. डोक्यात कोंडा असेल तर टाळूवर भरपूर तेल नको. आणि न्हाल्यावर ओल्या केसाचा अंबाडा आवळायचा नाही, पंच्यानं झटकायचं नाही. ओला केस सुक्यापेक्षा कमकुवत असतो.

आत्या : शिकेकाई?

बहीण : चालेल, गाळून. पावडर तशीच चोळलीस तर बारीक कण खवल्यांवर घासतात. पाण्यात उकळ, फडक्यानं गाळ, आणि त्या पाण्यानं धू. रिठा मात्र जपून. तो फार कोरडं करतो.

मग वाद पुन्हा मूळ प्रश्नावर आला. लग्न जवळ आलेलं होतं आणि नात दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

आत्या : माझं म्हणणं सरळ आहे. एकविसाव्या वर्षी काळेभोर केस आहेत. पांढरे झाल्यावर बाईनं रंगवले तर मी समजू शकते. चार माणसांत वावरावं लागतं, नोकरी असते. पण काळ्या केसाला लाल करायला मूळचा काळा मारावा लागतो, आणि त्यासाठी एवढा सगळा खटाटोप. करायचाच कशाला?

बहीण : कारण तिला आवडतं. तुझ्या वेळी हातावर गोंदवून घ्यायचे, तेही हौस म्हणूनच ना? ती कमावती होईल, तिच्या केसाचा निर्णय ती घेईल. माझं काम एवढंच की तिचा निर्णय तिच्या केसाला कमीत कमी महाग पडावा.

आत्या : तुझं पोट त्याच्यावर आहे.

बहीण : आहे. म्हणूनच मला तिचे केस पुढच्या दहा वर्षांसाठी पाहिजेत. एका लग्नापुरते नकोत.

माझ्या मते आत्याच्या प्रश्नाला बहिणीकडे पूर्ण उत्तर नाही. काळ्या केसाला फिका रंग देणं हे पांढऱ्या केसाला काळं करण्यापेक्षा जास्त नुकसानीचं काम आहे. पांढऱ्यात उडवायला मूळचा रंगच नसतो. आणि बहिणीच्या म्हणण्यालाही आत्याकडे उत्तर नाही : हौस ही काही फक्त पांढऱ्या केसांच्या वाट्याला येत नाही. या दोघींपैकी कुणाचं ऐकायचं ते नातीनं ठरवावं. पण काय करायचं आणि काय नाही, यावर मात्र दोघींचं बरंच जमलं, आणि ते ठरवताना बहीण गिऱ्हाइकाला नाही म्हणाली.

बहीण : सोनेरी हायलाइट मी लावणार नाही. त्याला ब्लीच लागतं. या बटांनी एक पेरॉक्साइड आणि चार महिने बोअरचं पाणी झेललंय. आज ब्लीच केलं तर लग्नातले फोटो चांगले येतील आणि गणपतीपर्यंत पुढच्या बटा हनुवटीशी तुटून येतील. दुसरीकडे जाशील तर तिथंही नको करून घेऊस, एवढंच सांगते.

आत्या : आणि लाल?

बहीण : खालचे दोन इंच कापायचे, फाटे वर चढायच्या आत. उगवलेल्या अडीच बोटांना तेवढा रंग, 20 व्हॉल्यूमनं, वेळ लावून. बाकी वेणी फिकी पडलीय, तिला पेरॉक्साइड न लागणारा नुसता वरचा रंग, जो दहा-बारा न्हाण्यांत जातो. पुढच्या वेळीही हेच. मुळांना लावताना दर खेपेला रंग टोकापर्यंत ओढला, की त्याच केसाला पाचव्या-सहाव्यांदा पेरॉक्साइड लागतं. केस चिंध्या होतात ते बहुधा तिथं.

आत्या : पाण्याचं मी बघते. जार न्हाणीतच ठेवून देते, म्हणजे आळस नको. पण आधी तिला तुझ्या त्या पीपीडीचं काही होतं का ते बघ. दिवाळीत झालं नाही म्हणून आता होणार नाही असं नसतं ना.

बहीण : बघणार. सोमवारी कॉलेजातून येताना इकडं ये गं. कानामागं थेंब लावते, 48 तास धुवायचा नाही. बुधवारी संध्याकाळी खाज, लाली, पुरळ यातलं काहीही दिसलं, तर तुला पीपीडीचा रंग कायमचा बंद. लग्न असलं तरी.